मुठीतली शिदोरी

"उद्या डब्यात काय द्यायचं?" रात्री ओटा आवरताना हा प्रश्न पडला नाही असे घर विरळाच. घर पुण्यात असो, इंदूरला असो, बडोद्याला असो की हैदराबादला, प्रश्न तोच. आणि तो पडतो तोही बहुधा घरातल्या एकाच व्यक्तीला. जपानमधली आईसुद्धा यातून सुटलेली नाही. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांत दुपारचे जेवण शाळेतच मिळते हे खरे, पण बालवाडी, पुढे हायस्कूल, सहली आणि शाळेचा क्रीडादिन यांसाठी घरचा डबा लागतोच. या डब्याला जपानीत 'बेन्तो' म्हणतात. त्यात रंगीबेरंगी पदार्थांची कितीही दाटी असली, तरी एक साधासुधा पदार्थ पिढ्यान् पिढ्या आपली जागा धरून बसला आहे. तो म्हणजे ओनिगिरी, भाताचा मुठीत वळलेला मुटका.

तांदूळ, मीठ, पाणी आणि दोन हात एवढ्यावर होणारा हा पदार्थ. मग त्यावर एवढे लिहिण्यासारखे काय आहे? आहे. हा पदार्थ पाककौशल्य मिरवण्यासाठी नाही आणि घरातले दहा-बारा वर्षांचे मूलही तो स्वतःच्या हाताने करू शकते. डब्याचा सगळा भार एकाच खांद्यावर का, या जुन्या प्रश्नाचे एक छोटेसे, चवदार उत्तर त्यात दडलेले आहे.

मूद नव्हे, मूठ

आपल्याकडे भाताची मूद पाडतात. वाटीत भात दाबायचा, ताटात उलटा करायचा, वर वरण आणि तुपाची धार. मूद ताटासाठी असते, ती तिथेच मोडायची असते. ओनिगिरी असते वाटेसाठी. ती हातात धरून, ताट-वाटी-चमचा काही नसताना, झाडाखाली नाहीतर आगगाडीत बसून खायची. 'निगिरू' म्हणजे मुठीत धरणे, त्यावरून ओनिगिरी. तिचे दुसरे नाव 'ओमुसुबी', ते 'मुसुबू' म्हणजे बांधणे, गाठ मारणे यावरून आले. एका नावात मूठ आणि दुसऱ्यात गाठ. आपला 'शिदोरी' हा शब्द या दोन्हींच्या फार जवळचा वाटतो.

आकार मात्र एकच नाही. टोकियोच्या बाजूला तिकोनी, ओसाका-क्योतोकडे पिंपासारखी लांबट, ईशान्येकडच्या थंड मुलखात चपटी गोल. आणि एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. ओनिगिरी म्हणजे सुशी नव्हे. सुशीच्या भाताला शिरका, साखर आणि मीठ लावतात. ओनिगिरीचा भात साधा असतो, त्याला फक्त वरून मीठ लागते.

भाताचा गोळा म्हटला की आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. कारण उघड आहे, तसा गोळा आपण श्राद्धपक्षाला पाहतो. जपान्यांचेही असे संकेत आहेत. भाताच्या वाडग्यात जेवणाच्या काड्या उभ्या खोचणे तिथे अशुभ मानतात, कारण तसा भात मृताच्या उशाशी ठेवायची रीत आहे. तेव्हा घरात कुणाला गोल आकार रुचणार नसेल तर सरळ तिकोनी ओनिगिरी करावी. सामोशाच्या आकाराला कुणाची हरकत नसते!

दोन हजार वर्षांची सोबत

जपानच्या इशिकावा प्रांतात, नोतो द्वीपकल्पावर, १९८७ मध्ये एका प्राचीन वस्तीच्या उत्खननात भाताचा जळून कोळसा झालेला एक गोळा सापडला. तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. ती आजच्यासारखी ओनिगिरी होती की पानात बांधून शिजवलेला भात, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण त्या गावाने तिला आपले मानले आणि त्या निमित्ताने १८ जून हा 'ओनिगिरी दिन' झाला. मुरासाकी शिकिबू या दरबारी लेखिकेने हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या 'गेंजीची कथा' या ग्रंथातही समारंभाच्या वेळी सेवकवर्गाला वाटलेल्या भाताच्या मुटक्यांचा उल्लेख आहे. म्हणजे राजवाड्यातही हा पदार्थ होता, पण चाकरमान्यांचा.

पुढे रेल्वे आली. १८८५ मध्ये उत्सुनोमिया स्थानकावर बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या दोन ओनिगिरी आणि मुळ्याचे लोणचे विकले गेले. जपानी रेल्वेस्थानकांवरच्या प्रसिद्ध डब्यांची ती सुरुवात, असे सर्वसाधारणपणे मानतात. त्यानंतर चारच वर्षांनी, १८८९ मध्ये, यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका गावी एका बौद्ध मंदिरातल्या शाळेत डबा आणू न शकणाऱ्या गरीब मुलांना भिक्षूंनी जेवण द्यायला सुरुवात केली. पानात काय होते? ओनिगिरी, भाजलेला खारा मासा आणि लोणचे. जपानमधल्या शालेय भोजनाचा उगम तिथे मानला जातो. आपल्याकडच्या माध्यान्ह भोजनाची आठवण यावी अशीच ही हकीकत.

१९७८ मध्ये सेव्हन-इलेव्हन या दुकानसाखळीने भात आणि समुद्री शेवाळाचा पापुद्रा खाईपर्यंत एकमेकांपासून वेगळे ठेवणारे वेष्टण आणले, आणि ओनिगिरी चोवीस तास दुकानात मिळू लागली. तरीही घरची ओनिगिरी संपली नाही. विकतचे थालीपीठ मिळू लागले म्हणून घरचा तवा उतरला नाही, तसेच हे.

डबा की परीक्षा?

जपानी बेन्तोची छायाचित्रे पाहून अनेकजणी हरखून जातात. गाजराची फुले, अंड्याचे ससे, भाताचे अस्वल, शेवाळाचे कान-डोळे. कार्टूनमधल्या पात्रांसारख्या सजवलेल्या डब्याला तिथे 'क्याराबेन' असे खास नावच आहे. दिसते छानच. पण त्यासाठी पहाटे किती वाजता उठावे लागते हे छायाचित्रात दिसत नाही.

अ‍ॅन अ‍ॅलिसन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंचा मुलगा जपानी बालवाडीत जात असे. त्या अनुभवातून त्यांनी १९९१ मध्ये बेन्तोवर एक गाजलेला लेख लिहिला. त्यांचा मुद्दा असा की, डबा सुंदर असणे ही आईची परीक्षा होते आणि तो वेळेत, शेवटच्या घासापर्यंत संपवणे ही मुलाची. परीक्षक अर्थातच शाळा. हे वाचताना आपण तरी फार दूर आहोत का? "त्याच्या डब्यात रोज वेगळं असतं" हे वाक्य आपल्या घरातही ऐकू येते, आणि ते मुलाच्या बाबांना उद्देशून क्वचितच असते.

जपानमध्येच यावर एक वेगळी वाट निघाली. कागावा प्रांतातल्या ताकिनोमिया प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक ताकेशिता काझुओ यांनी २००१ मध्ये 'डब्याचा दिवस' सुरू केला. नियम अगदी थोडे. डबा मुलांनीच करायचा, पालकांनी हात लावायचा नाही. काय करायचे ते ठरवणे, बाजारहाट, स्वयंपाक, डबा भरणे आणि नंतरची आवराआवर, सगळे मुलांचे. यात फक्त पाचवी-सहावीची मुले असतील. आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी महिन्यातून एकदा, असे वर्षात पाच वेळा, म्हणजे तोवर मुलांचे शाळेत स्वयंपाकाचे प्राथमिक धडे झालेले असतात. सुरी आहे, विस्तव आहे, या काळजीने पालक बिचकले. मुख्याध्यापकांनी जबाबदारी स्वतःवर घेतली. पुढे हा उपक्रम जपानभर अनेक शाळांत पोचला.

यातली मेख लक्षात घ्या. मुलाला डबा कसा करावा हे सांगून समजत नाही, पण एकदा स्वतः केला की रोज तो कोण करते हे न सांगता समजते. आणि सुरुवात करायला ओनिगिरीसारखा पदार्थ नाही. चिरणे नाही, तळणे नाही, फोडणी नाही. भात मोठ्यांनी शिजवून दिला, तर बाकी सगळे मुलाच्या हातचे.

तांदूळ कोणता?

ओनिगिरीचे सगळे रहस्य तांदळात आहे. जपानी तांदूळ बुटका आणि चिकट असतो. तांदळाच्या स्टार्चमध्ये अमायलोज नावाचा एक घटक असतो. तो जितका कमी, तितका भात चिकट. बासमतीत तो जास्त, म्हणून तिचे शीत न् शीत मोकळे होते. बिर्याणीला हे भूषण, इथे मात्र अडचण. बासमतीचा किंवा जुन्या कोलमचा मुटका हातातच विस्कटतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी उपाय घरातच आहे. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर घ्यावा. या दोन्हींचा भात मऊ, चिकट आणि सुवासिक होतो. जपानी तांदळाची हुबेहूब चव येणार नाही, पण मुटका नीट बसतो. इतर प्रांतांतल्या वाचकांनी आपल्या वाण्याकडे बुटका, शिजल्यावर चिकटणारा तांदूळ मागावा. तो नवा असेल तर अधिकच चांगला.

कृती

साहित्य (मध्यम आकाराच्या सहा-सात ओनिगिरींसाठी): दोन वाट्या इंद्रायणी तांदूळ, तीन वाट्या पाणी, मीठ, आवडीचे सारण.

तांदूळ तीन-चार पाण्यांनी हलक्या हाताने धुऊन अर्धा तास भिजत ठेवा. मग निथळून जाड बुडाच्या पातेल्यात मोजलेले पाणी घालून ठेवा. तांदूळ नवा असेल तर पाणी अर्धी वाटी कमी करा. उकळी आली की घट्ट झाकण ठेवून मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटे शिजवा. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटे झाकण काढू नका. वाफेत भात मुरतो तो याच वेळी. कुकरमध्ये इंद्रायणीचा भात फार मऊ होण्याची भीती असते, म्हणून पातेलेच बरे. नंतर ओल्या उलथन्याने भात खालीवर करून वाफ जाऊ द्या.

भात हाताला सोसेल इतका गरम असतानाच वळायचा. गार भात धरत नाही. हात स्वच्छ धुऊन पाण्याने ओले करा, तळव्यावर दोन बोटांच्या चिमटीएवढे मीठ पसरा. छोटी वाटीभर भात तळहातावर घ्या, मध्ये खळगा करून आवळ्याहून लहान असा सारणाचा गोळा ठेवा आणि वरून भाताने झाका. खालचा हात सपाट ठेवा, वरचा हात घराच्या छपरासारखा कोनात वाकवा. दाबा, एक कोपरा फिरवा, पुन्हा दाबा. असे तीन-चार वेळा केले की तिकोन तयार.

दाब किती द्यायचा? बाहेरून सुटणार नाही आणि आतून घट्ट होणार नाही, इतका. लाडू वळताना आपण जोर देतो, तसा इथे देऊ नये. दाताखाली शिते वेगळी लागली पाहिजेत. पहिल्या दोन ओनिगिरी वाकड्या होतील, होऊ द्या. मुलाने केलेली वाकडी ओनिगिरी आपण सरळ करायला जाऊ नये, ही या कृतीतली सर्वांत कठीण पायरी आहे.

आत काय, बाहेर काय?

जपानचे आवडते सारण म्हणजे 'उमेबोशी'. जर्दाळूच्या जातीचे एक आंबट फळ भरपूर मिठात मुरवून उन्हात वाळवतात. त्याखालोखाल खारवलेला साल्मन मासा, सोया सॉसमध्ये शिजवलेले 'कोंबू' शेवाळ, आणि १९८० च्या दशकापासून लोकप्रिय झालेले ट्यूना मासा व मेयोनेज. बाहेरून 'नोरी' या शेवाळाचा कागदासारखा पापुद्रा गुंडाळतात, म्हणजे हात चिकट होत नाहीत.

या नोरीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हे शेवाळ वर्षातला काही काळ कुठे नाहीसे होते हे कोळ्यांना कळत नसे, त्यामुळे त्याची शेती बेभरवशाची होती. १९४९ मध्ये कॅथलीन ड्र्यू-बेकर या ब्रिटिश संशोधिकेने शोधून काढले की त्या काळात ते शिंपल्यांच्या कवचात वेगळ्याच रूपात वाढत असते. त्यावरून जपानमध्ये नोरीची पद्धतशीर लागवड उभी राहिली. बाई जपानला कधी गेल्या नव्हत्या, पण कुमामोतो प्रांतातल्या उतो गावी लोकांनी १९६३ मध्ये त्यांचे स्मारक उभारले.

आपल्या डब्यासाठी मात्र सारण आपल्या फडताळातलेच असावे. उमेबोशीचे काम मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याची फोड चांगले करते. फक्त खार निथळून घ्यावा. तिळाची, जवसाची किंवा दाण्याची कोरडी चटणी चालते. मेतकूट भातात कालवून वळलेली ओनिगिरी तर जपानी पाहुण्यालाही आवडावी. नोरी नसेल तर केळीच्या पानाचा धुऊन पुसलेला तुकडा गुंडाळावा. ओला, रसदार पदार्थ आत भरू नये, मुटका फुटतो आणि लवकर खराबही होतो.

जपानला जाणाऱ्या शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. दुकानातली उमेबोशीची किंवा कोंबूची ओनिगिरी शाकाहारी दिसली तरी तिच्यात बोनिटो माशाचा अर्क असू शकतो. चव लावलेल्या नोरीतही तो असतो. वेष्टणावरचे घटक वाचून घ्यावेत, नाहीतर भात शिजवून आपली आपण करावी.

हे मात्र नक्की पाळा

गार भात डब्यात नेण्याचा पदार्थ आहे, तेव्हा सावधगिरी हवी. मुठीत वळलेल्या ओनिगिरीतून अन्नविषबाधा झाल्याचे प्रकार जपानमध्येही घडतात. हाताला जखम, फोड असेल तर स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू भातात जातात. त्यांनी तयार केलेले विष नंतर भात गरम केला तरी जात नाही. म्हणून जपानमध्ये आज पुष्कळ घरांत प्लास्टिकच्या पातळ फिल्ममध्ये भात घेऊन वळतात. मुलांसाठी हीच पद्धत चांगली, हात भाजत नाहीत आणि भात चिकटतही नाही. मीठ तेव्हा भातातच मिसळावे.

दुसरे, शिजवलेल्या भातातही काही जंतूंचे बीजाणू टिकून राहतात आणि भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढू लागतात. रात्रीच्या भाताची ओनिगिरी सकाळी डब्यात देऊ नये. सकाळीच भात करावा, ओनिगिरी वळून झाल्यावर ताटात पसरून पूर्ण गार करावी आणि मगच झाकण लावावे. गरम असताना बंद केली तर आत पाणी सुटते. उमेबोशी किंवा लोणचे आत असले म्हणजे सगळा भात सुरक्षित, असेही नाही. त्यांचा परिणाम आसपासच्या भातापुरताच असतो.

शिजवलेले अन्न साध्या तापमानाला दोन तासांहून जास्त ठेवू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. शाळेचा डबा अनेकदा त्याहून उशिरा उघडतो. जपानी आया उन्हाळ्यात डब्यासोबत बर्फाची छोटी पिशवी देतात. आपण गोठवलेल्या पाण्याची लहान बाटली डब्याला टेकवून ठेवावी, किंवा ओनिगिरी छोट्या सुट्टीत खायला सांगावी. एप्रिल-मेच्या उकाड्यात मात्र ती घरीच, करून लगेच खावी. मासा, अंडे, मेयोनेज यांचे सारणही घरच्या खाण्यापुरतेच ठेवावे.

उरलेली ओनिगिरी फ्रिजमध्ये ठेवली की भात कडक होतो. ठेवायचीच असेल तर गार होताच फिल्ममध्ये गुंडाळून बर्फाच्या कप्प्यात ठेवावी आणि खाताना चांगली वाफ येईपर्यंत गरम करावी.

हाताची ऊब

१७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबे शहराला मोठा भूकंप झाला. थंडीत उघड्यावर आलेल्या माणसांना स्वयंसेवकांनी भाताचे मुटके वळून वाटले. त्या मदतीची आठवण म्हणून १७ जानेवारी हा तिथे 'ओमुसुबी दिन' म्हणून पाळतात. त्याच देशात आओमोरी प्रांतात, इवाकी पर्वताच्या पायथ्याशी, सातो हात्सुमे नावाच्या एक वृद्ध बाई राहत. त्या २०१६ मध्ये वारल्या. मनाने खचलेली माणसे दूरदूरहून त्यांच्याकडे येत. त्या फारसा उपदेश करत नसत. ऐकून घेत आणि ओनिगिरी करून खायला घालत.

या दोन्ही ठिकाणी कुणी भाताचे अस्वल केले नव्हते. खाणाऱ्याला कळले ते एवढेच की हे कुणीतरी आपल्यासाठी हाताने केले आहे. डब्यातून पोचायचे असते ते हेच. त्याला सजावट लागत नाही, आणि ते हात दरवेळी आईचेच असावेत असेही नाही.

तेव्हा येत्या सुट्टीच्या दिवशी भात थोडा जास्त लावा आणि मुलांना ओट्यापाशी बोलवा. मुलग्यालाही बोलवा, त्याच्या बाबांनाही. प्रत्येकाने दोन-दोन वळाव्यात, एक स्वतःला आणि एक घरातल्या दुसऱ्या कुणाला. आणि ज्या बाईने आजवर सगळ्यांचे डबे भरले, तिच्या हातात त्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी वळलेली ओनिगिरी ठेवा. मीठ कमी-जास्त झालेले असेल. ती तक्रार करणार नाही, याची खात्री बाळगा.